तांबेरा रोखणारे सोयाबीन

बियाण्याच्या पिशवीवर ‘तांबेरा रोगास मध्यम प्रतिकारक’ असे छापलेले असते. शेतकरी त्यातला ‘प्रतिकारक’ एवढाच शब्द लक्षात ठेवतो. मग सप्टेंबरच्या ढगाळ हवेत पानांवर तांबूस डाग दिसले की बियाणे बोगस निघाले, असे त्याला वाटते. पण डाग दिसणे म्हणजे वाण हरले असे नव्हे. काही वेळा ती वाण लढत असल्याची खूण असते.

सोयाबीनचा तांबेरा ‘फाकोप्सोरा पॅकिरायझी’ या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात आणि पान सहा-एक तास ओले राहिले की रुजतात. गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू पानाच्या छिद्रांतून आत शिरतात; ही बुरशी मात्र थेट पानाची त्वचा भेदते. तिचे एक दुबळेपण आहे. ती फक्त जिवंत पेशींवरच जगू शकते.

प्रतिकारक झाड नेमके इथेच तिला गाठते. बुरशीची चाहूल लागताच ते तिच्याभोवतीच्या आपल्याच मोजक्या पेशी मारून टाकते. बुरशीची उपासमार होते. पानावर लालसर-तपकिरी डाग राहतो, पण त्यातून बीजाणू फारसे बाहेर पडत नाहीत. रोगाला बळी पडणाऱ्या वाणात फिकट तपकिरी पुटकुळ्या येतात. पानाच्या खालच्या बाजूने बोट फिरवले की भुकटी लागते. पुढे पाने वेळेआधी गळतात आणि दाणा बारीक राहतो.

महाराष्ट्रात या रोगाचा जोर कृष्णाकाठी, म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर भागात असतो. वाणाची खरी परीक्षा रोग हमखास येतो तिथेच होते. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे काम सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रावर चालते. फुले अग्रणी (केडीएस ३४४), फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) हे वाण तिथलेच. ‘केडीएस’मधली पहिली दोन अक्षरे त्या गावाची.

तांबेऱ्याला अडवणाऱ्या सोयाबीनमधल्या जनुकांना ‘आरपीपी’ म्हणतात आणि त्यांना १ ते ७ असे क्रमांक आहेत. त्यातले तिसरे ‘अंकुर’ या भारतीय वाणात सापडले. मात्र प्रत्येक जनुक बुरशीच्या काही ठरावीक प्रकारांनाच ओळखते. बुरशी बदलली की तेच जनुक निरुपयोगी ठरते. पहिल्या क्रमांकाच्या जनुकाच्या बाबतीत हे घडलेले आहे. त्यामुळे एकच लोकप्रिय वाण गावभर पेरणे धोक्याचे.

शोध सोयाबीनबाहेरही पोचला आहे. २०१६ मध्ये ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांसह एका गटाने तुरीतले एक जनुक सोयाबीनमध्ये घातले आणि त्या झाडांनी तांबेऱ्याला दाद दिली नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे सोयाबीनच्या शेजारच्या ओळीत उभी असलेली तूर ही! अर्थात असे जनुकीय बदल केलेले सोयाबीन पेरायला भारतात परवानगी नाही.

गोंधळ नावाचाही आहे. पान लाल किंवा पिवळे पडले की सरसकट ‘तांबेरा आला’ म्हटले जाते. पांढरी माशी पसरवते तो पिवळा मोझॅक हा विषाणूरोग आहे. तांबेरा-प्रतिकारक वाण त्याला रोखेलच असे नाही आणि बुरशीनाशकाचा त्यावर काही उपयोग नाही. फवारणीचा खर्च करण्याआधी पान उलटून पाहावे.

या बुरशीला हंगामांच्या मधल्या काळातही हिरवे पान लागते. ब्राझीलमध्ये २००६ पासून राज्याराज्यांनी ठरावीक काळ शेतात सोयाबीनचे एकही झाड उभे ठेवू नये असा नियम केला. महाराष्ट्रात मात्र बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेतले जाते. बियाण्याची टंचाई पाहता ते चूक म्हणता येणार नाही. पण तांबेऱ्याच्या पट्ट्यात त्या काढणीनंतर आपोआप उगवलेली रोपे पावसाळ्याआधी उपटून टाकायला हवीत.