राजा, खोत आणि कूळ

इंग्लंड जिंकून वीस वर्षे होत आली होती, तेव्हा इ. स. १०८५ च्या नाताळात विल्यम राजाने ग्लॉस्टर येथे आपल्या सरदारांशी दीर्घ मसलत केली. आणि आपल्या अमलाखालची भूमी कोणाकडे किती आहे, तीत नांगर किती चालतात, पाणचक्क्या, कुरणे व मासळीची तळी किती आहेत, ती भूमी पूर्वीच्या एडवर्ड राजाच्या काळी केवढ्या मोलाची होती व आज केवढ्या मोलाची आहे, याची चौकशी करण्यासाठी परगण्यापरगण्यांतून आपले अधिकारी रवाना केले. त्या चौकशीतून १०८६ साली जे दफ्तर सिद्ध झाले, ते डूम्सडे बुक या नावाने आजही इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहे. सर्व भूमीचा अंतिम स्वामी राजा, त्याच्याकडून ती धारण करणारे मोठे सरदार, त्या सरदारांकडून धारण करणारे लहान मानकरी आणि सर्वांच्या तळाशी प्रत्यक्ष नांगर धरणारा व्हिलेन, म्हणजे जमिनीला बांधलेला कुणबी, अशी ही उतरंड होती. या जाडजूड ग्रंथात सरदारांची आणि मानकऱ्यांची नावे पानोपानी आढळतात. व्हिलेनांची मात्र नुसती संख्या आहे. अमुक गावी व्हिलेन बारा, नांगर चार, एवढेच राजाला हवे होते.

कोणत्याही राजसत्तेचा स्वभाव तिच्या तहनाम्यांपेक्षा तिच्या जमीनदफ्तरात अधिक स्पष्ट दिसतो, आणि त्या दफ्तरात नाव कोणाचे लिहिले आहे, भूमी धारण करणाऱ्याचे की भूमी कसणाऱ्याचे, या एका प्रश्नाशी तिची खरी परीक्षा होते, असे माझे मत आहे. ही परीक्षा आपल्याच भूमीवर लावून पाहायची, तर रायगडाच्या पायथ्यापासून अलिबाग, पेण, रोहे, मुरूडच्या खाड्यांपर्यंत पसरलेल्या पट्टीइतके योग्य स्थळ दुसरे नाही. कारण येथे राजधानीही झाली, आरमारी सत्ताही झाली, हबशी संस्थानही नांदले, आणि या सर्वांच्या हाताखाली शेतसाऱ्याची जी घडी बसली तिची झळ आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत पोहोचली.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांच्या मंडळात सचिवपद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. हिशेबाची आणि जमाबंदीची नजर असलेला हा कारभारी स्वतः गावोगाव फिरला. सभासदाच्या बखरीत त्या मोजणीचे माप दिलेले आहे: पाच हात आणि पाच मुठी एवढी एक काठी, हात चौदा तसूंचा, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. मापाच्या या काटेकोरपणामागे राजकारण होते. आदिलशाही-निजामशाहीच्या काळात गावाचा आकार पुष्कळदा अजमासाने ठरे, आणि तो अजमास देशमुख, देशकुलकर्णी व खोत सांगतील तसा असे. काठी शेतात आली म्हणजे त्या सांगण्याचे महत्त्व तेवढ्या अंशाने उणे होई. कोकणातील भातजमिनींची प्रतवारीही लावण्यात आली. अव्वल, दुय्यम यांपासून खारवट आणि कातळ यांपर्यंत जमिनीचे वर्ग पाडले गेले, कारण खाडीकाठच्या खाऱ्या शेताला आणि डोंगरउतारावरच्या वरकसाला एकच दर लावणे म्हणजे रयतेचा उघड घात करणे होय. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेस व दोन सरकारात, असे प्रमाण सभासदाने नोंदविले आहे. नव्या रयतेला गुरे आणि बियाणे द्यावे, आणि त्याची फेड चार-पाच वर्षांत ऐपतीप्रमाणे घ्यावी, हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता.

ही व्यवस्था कागदावरच राहिली नाही, याचा एक उत्तम पुरावा दक्षिण कोकणातून मिळतो. सप्टेंबर १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास शिवाजी महाराजांनी जे पत्र पाठविले, ते प्रत्येक महसुली अधिकाऱ्याने आजही वाचावे अशा योग्यतेचे आहे. गावोगाव हिंड, कुणबी गोळा कर, कोणापाशी माणूसबळ आहे आणि कोणापाशी बैल, नांगर, दाणा नाही ते पाहा. ज्याच्या अंगी कसण्याची शक्ती आहे पण साधन नाही, त्याला बैलांसाठी पैसा दे, पोटासाठी दाणा दे. त्याच्याकडून वाढीदिढी न घेता नुसते मुद्दल, तेही त्याला शक्ती येईल तसतसे, हळूहळू उगव. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. असा त्या आज्ञेचा आशय आहे. लारी हे त्या काळी किनाऱ्यावर चालणारे चांदीचे नाणे. येथे राजाचे पत्र सुभेदाराला आहे, परंतु त्याची दृष्टी सुभेदारावर, देशमुखावर किंवा खोतावर न थांबता ज्याच्या दारी बैल नाही त्या माणसापर्यंत जाते. विल्यमच्या अधिकाऱ्यांनी नांगर मोजले. रायगडावरून निघालेल्या या आज्ञेत ज्याला नांगर नाही त्याची गणती आहे. दोन्ही राज्यांत सहाशे वर्षांचे अंतर आहे हे मान्य करूनही हा भेद मला मोठा वाटतो.

तथापि महाराजांनी वतने मोडली, असे जे सरसकट सांगितले जाते ते खरे नाही. वतनदारांनी गावोगाव वाडे, गढ्या, हुडे बांधून, पदरी प्यादे बाळगून दिवाणास न जुमानण्याचा जो प्रघात पाडला होता तो महाराजांनी मोडला. गढ्या पाडल्या, वतनदारांनी रयतेसारखी साधी घरे बांधून राहावे असा दंडक घातला, आणि त्यांचे हक्क नक्त व गल्ल्याच्या रूपाने ठरवून दिले. वसुलाचे काम पगारी कामगारांकडे आले. वतनदाराचा हक्क राहिला, परंतु त्याची मनमानी आटोक्यात आली. वतनदारांविषयी राजाने कोणते धोरण ठेवावे याचे अत्यंत मर्मग्राही विवेचन पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या आज्ञापत्रात केले आहे. हे लोक म्हणजे देशोदेशीचे लहान नायकच, राजा बलवान व्हावा असे त्यांना मनापासून वाटत नाही, परंतु त्यांना समूळ काढणेही राज्यास हितावह नाही, म्हणून स्नेह आणि दंड यांच्यामध्ये त्यांना धरून चालवावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या पुरुषाने शिवकाल आणि त्यानंतरची वाताहत दोन्ही पाहिली, त्याच्याच लेखणीतून असा सावध शब्द उतरू शकतो.

वाताहत लवकरच आली. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, राजाराम महाराज जिंजीस गेले, आणि खजिना रिकामा असलेल्या राज्यापाशी माणसे धरून ठेवण्यासाठी वतनांच्या व सरंजामांच्या सनदांखेरीज देण्यासारखे फारसे उरले नाही. किनाऱ्यावर कुलाब्यास कान्होजी आंग्रे यांनी आरमाराच्या बळावर सत्ता उभारली, मुरूड-जंजिऱ्यास सिद्दी होताच; आणि या ओढाताणीत गावचा वसूल हमखास हाती यावा म्हणून प्रत्येक सत्तेला गावातल्या कोणा तरी भक्कम असामीची गरज पडली. ती असामी म्हणजे खोत. सरकारने ठरविलेली रक्कम खोताने भरायची, गाव लावायचे, कुळांकडून वसूल करायचा आणि वरचा फायदा ठेवायचा. हा मक्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत वतन झाला.

इंग्लंडातही असाच एक मक्तेदार होता. प्रत्येक परगण्यावर राजाचा शेरीफ असे. तो परगण्याची ठराविक रक्कम राजाच्या खजिन्यात वर्षातून दोन खेपांनी, ईस्टरला आणि मायकेलमसला, हजर होऊन चुकती करी आणि त्याहून अधिक जे उगवे ते स्वतः राखी. त्याच्या जुलुमाच्या तक्रारी झाल्या तेव्हा दुसऱ्या हेन्रीने ११७० साली चौकशी लावून बहुतेक शेरीफ एकदम बदलले. शेरीफाला काढता येत असे. बहुतांश ठिकाणी त्याचे पद वंशपरंपरेचे होऊ दिले गेले नाही. आमच्या खोताचे मात्र झाले, आणि सारा अनर्थ येथून सुरू झाला. महाड, माणगावकडे वतनी खोत, पेण-अलिबागच्या बाजूला इजाफतदार, शिलोत्रीदार आणि पुढे सावकारीतून जमीनदार झालेली घराणी. कायद्याच्या भाषेत या सर्वांचे हक्क निरनिराळे असले तरी कुळाच्या तोंडी हे सगळे खोतच.

खारेपाटातली जमीन ज्याने पाहिली नाही त्याला कुळाच्या कष्टाची कल्पना येणार नाही. ही जमीन मुळात समुद्राची. खाडीच्या मुखाशी चिखलमातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाचे गोडे पाणी साठवून मातीतला खार धुऊन काढायचा, साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचे, आणि काही वर्षांनी तेथे भात उभे करायचे, ही या भागाची पुरातन विद्या आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेते खारी होतात, आणि पुन्हा भाताजोगी व्हायला वर्षे लागतात. म्हणून खांड दिसताच गावचे सगळे आगरी बांधव, स्त्रिया आणि पोरेसुद्धा, गुडघाभर चिखलात उतरून मातीची ढेपळे हातोहात पोहोचवीत. बाहेरचा बांध राखण्याच्या मोबदल्यात शिलोत्रीदार कुळांकडून धान्याचा हक्क घेई. बांधाला पाठ लावणाऱ्याचे नाव मात्र जमिनीवर लागत नसे.

१८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान वारसाअभावी कंपनीने खालसा केले. इंग्रजांनी साखळी आणली, नकाशे काढले, आकार बसविला. देशावर त्यांनी रयतवारी लावली, पण कोकणात खोताशी तडजोड केली. १८८० च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळांचे काही हक्क नोंदविले, पण खोताची गादी हलविली नाही. अर्धेलीने निम्मे पीक, त्यावर निरनिराळे बाब, आणि कित्येक गावी आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट वेठ. आपल्या धन्याच्या शेतात आठवड्याचे दोन-तीन दिवस बिनमोल राबणारा इंग्लंडचा व्हिलेन तिकडे पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत जवळजवळ नाहीसा झाला होता. आमचे कूळ विसाव्या शतकातही वेठ करीत होते, आणि तेही त्याच इंग्रजांच्या राज्यात, ही गोष्ट त्या राज्याच्या न्यायबुद्धीची स्तुती करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

ही कोंडी फोडली ती कुळांनीच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सभा भरली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा निर्धार केला. संप १९३९ पर्यंत चालला. त्या सहा वर्षांत या लोकांनी रानातल्या मोळ्या विकल्या, खाडीतली मासळी धरली, अर्धपोटी राहिले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. आपल्याच घामाने समुद्रातून काढलेली जमीन डोळ्यांदेखत ओस पडताना पाहणे कुणब्याच्या जिवाला किती लागत असेल, याची कल्पना ज्याने एक वाफासुद्धा लावला आहे त्याला येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण मिळाले, आणि पुढील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. अण्णाजी दत्तोंच्या काठीने जे काम आरंभिले होते, ते पुरे व्हायला पावणेतीनशे वर्षे लागली.

आज याच जमिनींच्या सातबाऱ्यावर त्या कुळांच्या नातवंडांची नावे आहेत, आणि मुंबईपासून जवळ असल्यामुळे त्यांना पूर्वी कोणी स्वप्नातही पाहिले नसेल असे मोल आले आहे. जमीन विकावी की राखावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु माळ्यावरच्या पेटीत किंवा देव्हाऱ्याखालच्या फडताळात मोडी अक्षरांतल्या जुन्या कबुलायती, वसुलाच्या पावत्या, वाटपाचे कागद ज्या घरांत अजून उरले असतील, त्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे की ते रद्दीत घालू नका. इंग्लंडने सरदारांचे दफ्तर साडेनऊशे वर्षे जपले. आमच्याकडे कुळाचे नाव लिहिलेले जे थोडे कागद आहेत ते बहुतेक कुळांच्याच घरांत आहेत. मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचवून घ्या, त्यांच्या प्रती काढा, आणि मूळ कागद सांभाळणे जमणार नसेल तर ते शासनाच्या पुराभिलेखागारात नेऊन द्या.