‘त्याचं असंच असतं’

बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं रुग्णालयात गेल्यावर त्यांचं काय होतं, याचा हिशेब मांडणारे देश फार नाहीत. इंग्लंडने तो मांडला, तोही नाइलाजाने. २००७ साली ‘मेनकॅप’ या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, दगावलेल्या अशा सहा जणांची हकीकत ‘डेथ बाय इंडिफरन्स’ या नावाने छापली आणि मग चौकशांची रांगच लागली. (तिकडे या अवस्थेला ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाने डिस्लेक्सिया समजतात, इथे तो अर्थ नाही.) त्या चौकशांमुळे काही ठाम समजुती उघड्या पडल्या. त्यातल्या बहुतेक आपल्याही वॉर्डांत सुखाने नांदत आहेत.

‘अशी माणसं तशीही फार जगत नाहीत’

लवकर जातात हे खरं. पण का जातात, हे कुणी विचारतच नाही. ब्रिस्टल विद्यापीठाने २४७ मृत्यूंची गोपनीय छाननी करून २०१३ मध्ये अहवाल दिला. इतर लोकांच्या तुलनेत पुरुष १३ वर्षं आधी जात होते, बायका २० वर्षं. चांगल्या वैद्यकीय सेवेने टळले असते असे मृत्यू ३७ टक्के होते, सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण १३ टक्के. जन्मजात अवस्थेच्या नावावर जे खपत होतं, त्यात उशिरा झालेलं निदान, अर्धवट सोडलेली तपासणी आणि सुरूच न केलेले उपचार बरेच होते. पुढे अशा मृत्यूंची नियमित छाननी करणारा ‘लेडर’ कार्यक्रम सुरू झाला. २०२२ च्या मृत्यूंतही टळण्याजोगे सुमारे ४२ टक्के निघाले.

कारणांच्या यादीत अगम्य असं काही नाही: न्यूमोनिया, हृदयविकार, कर्करोग, अपस्मार. न्यूमोनियाचं एक साधं कारण तर जेवणाच्या ताटातच असतं. अनेकांना गिळायला त्रास होतो. घरी आई भात मऊ करून, पाठ ताठ ठेवून, सावकाश भरवते. वॉर्डात तोच माणूस आडवा असतो आणि समोर पोळी-भाजी येते. घास श्वासनलिकेत उतरतो आणि फुफ्फुसांत संसर्ग होतो.

‘ओरडतोय? त्याचं असंच असतं’

माझ्या मते सगळ्यात घातक समजूत ही. माणूस डोकं आपटतो, जेवण भिरकावतो, हात लावू देत नाही, आणि बघणारा ते सगळं त्याच्या अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. ज्याला ‘पोटात दुखतंय’ असं सांगता येत नाही त्याचं पोट दुखत नाही, असा हा विचित्र न्याय. प्रत्यक्षात या ‘वागण्या’मागे किडलेली दाढ असते, कानाचा संसर्ग असतो, आम्लपित्त असतं, मोडलेलं हाडही असतं. डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती मंदावली, अबोल झाली, तर थायरॉइड कमी पडत असल्याची शक्यता बरीच असते. ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि गोळीने आटोक्यात येतं. पण तपासणी लिहून द्यायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

बद्धकोष्ठता म्हटलं की आपण हसून सोडून देतो. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रुग्णालयात २०१२ साली डाउन सिंड्रोम असलेला ३३ वर्षांचा तरुण तिच्याच गुंतागुंतीतून गेला. त्याचा हा त्रास जुना होता, माहितीचा होता.

उलटी चूकही होते. वागणं आटोक्यात आणायला मनोविकारावरची औषधं दिली जातात, मनोविकार नसतानाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा अंदाज होता की असे ३० ते ३५ हजार प्रौढ रोज ही औषधं घेत आहेत. त्यावर २०१६ मध्ये ‘स्टॉम्प’ ही मोहीम निघाली. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा मुलगा वारला. त्याला स्वमग्नता, अपस्मार आणि सौम्य बौद्धिक अक्षमता होती. अशी औषधं सोसत नाहीत, हे त्याने स्वतः आणि आईवडिलांनी सांगूनही त्याला ओलान्झपिन दिलं गेलं. आज इंग्लंडमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नतेचं प्रशिक्षण कायद्यानेच घ्यावं लागतं, आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम त्याच्या नावाचा आहे.

मग दुखणं ओळखायचं कसं? ‘दुखतंय का?’ या प्रश्नाने नाही, तर तुलनेने. हा माणूस बरा असताना कसा दिसतो, कसा आवाज काढतो, कसा झोपतो, आणि आज त्यात काय बदललंय? ते ज्याला ठाऊक आहे त्याला वॉर्डाबाहेर बसवून ठेवणं म्हणजे निदानाचं सर्वांत चांगलं साधन बाहेर ठेवणं.

‘त्याला काय विचारायचं? आईची सही घ्या’

इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याची सुरुवातच उलट टोकाकडून होते. प्रौढ माणूस निर्णय घेऊ शकतो असं धरून चालायचं, नाही हे दाखवायची जबाबदारी दुसऱ्याची. क्षमता निर्णयागणिक पाहायची. रक्त काढू द्यायचं की नाही हे ज्याला कळतं, त्याला बायपासचे धोके कळणार नाहीत, असं होऊ शकतं. खरोखरच कळत नसेल तर उपचार त्याच्या हिताचा विचार करून ठरतात. घरच्यांशी बोलणं त्यात आलंच. पण आईची सही ही आपोआप संमती ठरत नाही.

आपल्याकडेही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि हे पुष्कळ घरांना पहिल्यांदा कळतं ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. संमती न विचारण्याची टोकाची परिणती महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

‘यांच्यासाठी वेगळ्या संस्था असलेल्या बऱ्या’

ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू हे असंच वेगळं, खास रुग्णालय होतं. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली आणि ते बंद झालं. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या एका खास केंद्रात अपस्मार असलेला अठरा वर्षांचा मुलगा आंघोळीच्या टबात बुडून गेला. भिंती वेगळ्या केल्याने काळजी आपोआप वाढत नाही. तिथे बाहेरचं कुणी बघायला नसतं, एवढाच फरक पडतो.

‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’

हे वाक्य म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून ते खोडून काढणं अवघड जातं. तीन तास गजबजलेल्या ओपीडीत बसणं ज्याला सोसतच नाही, त्याला सर्वांसारखा नंबर देणं म्हणजे तपासणीच नाकारणं. इंग्लंडमध्ये २०१० च्या समानता कायद्याने ‘वाजवी फेरबदल’ बंधनकारक केले आहेत: दिवसातली पहिली वेळ, तपासायला जास्त अवधी, शांत खोली, सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम, चित्रांसह सोप्या भाषेतली माहिती. अनेक रुग्णालयांत यासाठी समन्वयक परिचारिका असतात. चौदा वर्षांपुढच्यांना फॅमिली डॉक्टरकडे वार्षिक आरोग्य तपासणी मिळते.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘हॉस्पिटल पासपोर्ट’. तीन रंगांचा कागद. लाल भागात जिवाशी गाठ असलेलं: ॲलर्जी, फिट, औषधं, गिळण्याचा त्रास. पिवळ्यात महत्त्वाचं: हो-नाही कसं सांगतो, दुखलं की काय करतो, कशाला घाबरतो. हिरव्यात आवडीनिवडी. रात्रपाळीला नवी सिस्टर आली तरी तिला कुणाला उठवायला नको. आपल्या घरांत ही सगळी माहिती एकाच बाईच्या डोक्यात असते, आणि ती स्वतः आजारी पडते तेव्हा पंचाईत होते. हा कागद करायला शासनाचा आदेश लागत नाही. साध्या मराठीत, दोन पानांत होतो.

पहिला नंबर मागायला संकोचही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. ती कुणी पाळली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.