लाइन आल्यावर मशीन कोण उठवणार?

२००६ च्या जुलैत व्हीएमवेअर कंपनीने आपला ‘सर्व्हर’ फुकट द्यायला सुरुवात केली आणि एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवणे धामणगाव रेल्वेसारख्या गावालाही परवडू लागले. लिनक्सवर चालणारे व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ पासून होते, पण ते विकतचे. इथली गरज साधी होती. अडत दुकानाचा हिशेब टॅलीत, छापखान्यातल्या लग्नपत्रिका श्रीलिपीत, आणि दोन्हींना विंडोज हवे. व्हायरसला कंटाळून लिनक्सकडे वळलेल्याला विंडोज टाकून देता येत नव्हते, म्हणून ते लिनक्सच्या आत बसवायचे.

फुकट म्हटल्यावर जो तो सर्व्हरच उतरवून घेऊ लागला. नावातच सर्व्हर आहे, म्हणजे वर्कस्टेशनपेक्षा वरचढ असणार, असाही समज होता. खरे तर दोघांची मांडणीच निराळी. वर्कस्टेशनने समोर माणूस बसलेला धरून चालले होते. त्यामुळे त्यात हवे तितके स्नॅपशॉट (मागे फिरता येईल अशा खुणा) घेता येत, शेअर्ड फोल्डर होते, इकडची फाइल ओढून तिकडे टाकता येई. सर्व्हरमध्ये स्नॅपशॉट एकच आणि शेअर्ड फोल्डर नाहीच. पण त्याची खिडकी बंद केली तरी आतले गेस्ट (पोटातला कॉम्प्युटर) चालू राही, आणि होस्ट (बाहेरचा कॉम्प्युटर) सुरू झाला की तेही आपोआप सुरू होई.

या शेवटच्या गुणाचे मोल वऱ्हाडात लवकर कळले. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. पुढची काही वर्षे भारनियमनाची गेली. लाइन वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि कधी वेळापत्रक सोडूनही जायची. टेबलावरच्या यूपीएसवर जेमतेम हातातले काम आवरता येई. दुकानात बसलेला माणूस तेवढ्यात गेस्ट ‘सस्पेंड’ करी. मग लाइन आल्यावर अर्धे भरलेले व्हाउचर होते तसे समोर येई. पण क्लासच्या कोपऱ्यात फाइल सर्व्हर म्हणून ठेवलेल्या मशीनपुढे रात्री कोण बसणार? पहाटे लाइन आली की मशीनने आपले आपण उठायला हवे. डेस्कटॉप की सर्व्हर, या प्रश्नाचा निकाल आमच्याकडे असा विजेने लावला.

२००७ मध्ये चित्र पालटले. जानेवारीत जर्मनीच्या इनोटेकने याच कामाच्या व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स कोड खुला केला. फेब्रुवारीत लिनक्स कर्नल २.६.२० मध्ये गेस्ट चालवणारे केव्हीएम आले. ते अवी किविटी यांनी क्यूमरानेट या इस्रायली कंपनीत लिहिले होते. पुढच्याच वर्षी सनने इनोटेक घेतली आणि रेड हॅटने क्यूमरानेट. केव्हीएम कर्नलमध्येच असल्याने फार चांगले वाटे. पण त्याला प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय लागे. बाजारात जोडून मिळणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये सेलेरॉन किंवा पेंटियम ड्युअल-कोर असायचा आणि त्या काळच्या बहुतेक मॉडेलांत ही सोय नव्हती. ‘सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये ‘व्हीएमएक्स’ सापडले नाही की विषय संपला. व्हर्च्युअलबॉक्स मात्र त्या सोयीविना चालत असे. डोंगल लावून चालणारे सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक मेख होती. व्हर्च्युअलबॉक्सच्या खुल्या आवृत्तीत यूएसबी नव्हते, त्यासाठी कंपनीची बंद आवृत्ती घ्यावी लागे.

फुकटच्या सर्व्हरचे दिवस फार टिकले नाहीत. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कारभार ब्राउझरमध्ये गेला आणि थोड्या रॅमच्या मशीनला त्याचे ओझे होऊ लागले. कर्नल बदलला की मॉड्यूल नव्याने बांधा, ते अडले तर कुणाचा तरी पॅच शोधा, हे चालूच होते. २०११ मध्ये कंपनीने त्याचा सपोर्ट थांबवला. इकडे रेड हॅटने २००७ मधल्या आपल्या लिनक्सच्या पाचव्या आवृत्तीत याच कामाचे झेन दिले होते. २००९ मध्ये जोडीला केव्हीएम आणले आणि २०१० च्या सहाव्या आवृत्तीत होस्टसाठी फक्त केव्हीएम ठेवले. पुण्यात नोकरीला लागलेली इकडची पोरे सुटीत घरी आली की केव्हीएम खिडकीतून चालवणारे व्हर्ट-मॅनेजर बसवून देऊ लागली.

इथून पुढे डेस्कटॉप आणि सर्व्हर या दोन बाजूंमधली भिंत पातळ होत गेली. व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीत माउसने चालवलेले गेस्ट ‘व्हर्श ऑटोस्टार्ट’ एवढ्या आदेशाने होस्टबरोबर उठू लागले. अख्खे मशीनच या कामाला द्यायचे असेल तर व्हिएन्नाचे प्रॉक्समॉक्स २००८ पासून आहे. ते डेबियनवर उभे आहे आणि त्याचा कारभार ब्राउझरमधून चालतो. त्याच्याही पोटात केव्हीएमच.

व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत अख्ख्या मशीनवर बसणारे तिचे फुकटचे ईएसएक्सआय बंद झाले, नोव्हेंबरात वर्कस्टेशन सर्वांना फुकट झाले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ईएसएक्सआय पुन्हा फुकट मिळू लागले. कंपनीने मर्जीने दिलेल्या वस्तूवर दुकान उभे करणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा.

आज कुणी विचारले तर मी आधी कामाचे स्वरूप विचारतो. डोंगल, स्कॅनर, शेअर्ड फोल्डर लावून दिवसभर समोर बसायचे असेल तर व्हर्च्युअलबॉक्स सोपे पडते. मात्र कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचे मॉड्यूल भरलेले असेल तर ते अडू शकते, तसे झाले तर आधी मॉड्यूल काढावे लागते. समोर कुणी नसताना चालायचे असेल तर केव्हीएम, ऑटोस्टार्ट, आणि यूपीएसची केबल होस्टला जोडून बॅटरी उतरायच्या आत सगळे रीतसर बंद होईल अशी व्यवस्था. एवढे करूनही निवड चुकली तर फार बिघडत नाही. ‘क्यूएमयू-इमेज कन्व्हर्ट’ने व्हीएमवेअरची किंवा व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क केव्हीएमच्या साच्यात येते. विंडोज असेल तर पहिल्यांदा डिस्क आयडीई म्हणून जोडावी, केव्हीएमच्या ‘व्हर्टिओ’ जोडणीचे ड्रायव्हर घालावेत आणि मग डिस्क त्या जोडणीवर न्यावी. जुन्या हिशेबाचे एक्सपी याच वाटेने दोन-तीन घरे फिरून आजही उघडते.