शिळेवरची अक्षरे जपा

बांधावर, नाल्याकाठी किंवा जंगलाच्या वाटेवर अक्षरे कोरलेली शिळा दिसली, तर तिला साधा धोंडा समजू नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची शिळाच पाहा.

तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला ब्राह्मी लिपीतला, अशोकाच्या काळाच्या सुमाराचा, म्हणजे सुमारे २,२०० वर्षांपूर्वीचा. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, अशी आज्ञा त्यात आहे. दुसरा चौथ्या शतकातील वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे लेख वाचले. त्यांतले चिकंबरी म्हणजे देवटेकजवळचे आजचे चिकमारा, असे त्यांनी दाखवले. राज्ये गेली, गावाचे नाव मात्र टिकले! ही शिळा आता नागपूरच्या अजबबंगल्यात आहे.

जुन्या लेखाची काही अक्षरे आज वाचता येत नाहीत. ऊन-पावसाने दगड झिजतोच. पण माणसाचा हात त्याहून लवकर नुकसान करतो. अजिंठ्याला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने पोचला आणि दहाव्या लेण्यातील चित्रावरच आपले नाव खरडून आला. आपली पोरेही जत्रेत तेच करतात. वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग अशी शिळा सापडल्यास काय करावे?

१. तिला चुना, शेंदूर, तेल, रंग लावू नये.
२. तारेच्या ब्रशने घासू नये. अक्षरे छिन्नीने ‘ठळक’ करू नयेत.
३. ती जागेवरून हलवू नये. जागा हाही पुरावाच असतो.
४. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढावा. पुसट अक्षरे तेव्हाच उठून दिसतात.
५. तलाठी, ग्रामपंचायत किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे.

सातबारा हरवला तर तलाठ्याकडून दुसरा उतारा मिळतो. दगडावरचा लेख एकदा पुसला, की त्याची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही. एवढे घरातल्या मुलांना जरूर सांगा.