क्षेपणभूमीवर पुन्हा हिरवाई

शहरे विस्तारत गेली तशा एकेकाळी वेशीबाहेर असलेल्या क्षेपणभूमी वस्तीला येऊन भिडल्या. इंदूरजवळील देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेल्या सुमारे १३ लाख टन कचऱ्याने जवळपास १०० एकर जमीन व्यापली होती. अशा ढिगांत मिथेन वायू तयार होऊन आगी लागतात. पावसाचे पाणी त्यातून झिरपताना घातक द्रव्ये भूजलात नेते.

ढिगावर माती पसरून झाडे लावणे हा तुलनेने सोपा मार्ग. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीकाठच्या जुन्या कचराभूमीवर वृक्षलागवडीतून सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आकारास आले व १९९४ मध्ये ते खुले झाले. गजबजलेल्या महानगरात त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु या मार्गात कचरा जमिनीखालीच राहतो. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या कचऱ्याच्या जैविक उपचार व उत्खननास, अर्थात बायोमायनिंगला, अग्रक्रम दिला.

यात कचरा उकरून त्याच्या लांबट राशी रचतात, त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि ठरावीक दिवसांनी राशी उलथतात. हवा मिळाल्याने उरलेला जैविक अंश कुजतो, ओलावा घटतो, आकारमानही कमी होते. मग फिरत्या चाळण्यांतून माती, प्लॅस्टिक-चिंध्या आणि दगड-विटा वेगळ्या होतात. प्लॅस्टिक व चिंध्या सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. दगड-विटा सखल जागेच्या भरावासाठी वापरतात. इंदूर महापालिकेने यंत्रे भाड्याने घेऊन हे काम २०१८ मध्ये १० कोटी रुपयांहून कमी खर्चात पूर्ण केले व मोकळ्या जागेवर वृक्षलागवड केली.

चाळलेल्या मातीबाबत मात्र सावधगिरी हवी. बॅटऱ्या, रंग, विद्युत उपकरणे यांतील शिसे, कॅडमियमसारखे जड धातू जिवाणूंमुळे नष्ट होत नाहीत. परीक्षणाविना ती माती भाजीपाल्याच्या शेतीला देणे म्हणजे प्रदूषण एका जागेवरून उचलून दुसरीकडे, तेही थेट ताटात, नेणे होय. ढीग हटल्यानंतरही तळाची जमीन व परिसरातील विहिरी तपासत राहणे आवश्यक ठरते. उद्घाटनाच्या घाईत नेमके हेच राहून जाते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) दुसऱ्या टप्प्यात जुन्या कचराभूमी मोकळ्या करण्याचे उद्दिष्ट समाविष्ट आहे. रोजचा मिश्र कचरा येतच राहिला, तर रिकामी झालेली जागा पुन्हा भरण्यास वेळ लागत नाही. इंदूरमध्ये घरोघरी वर्गीकरण आधीच रुजले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी बनविणारा प्रकल्पही सुरू झाला.