ध्वनिनिरोधन चाचणी, निवासी इमारतींची

ध्वनिनिरोधन चाचणी, निवासी इमारतींची : लगतच्या दोन घरांमधील सामाईक भिंत, तसेच वरच्या घराची जमीन (म्हणजेच खालच्या घराचे छत) ध्वनीला किती अटकाव करते, हे इमारत पुरी होताना जागेवर मोजून ठरविण्याची पद्धती. ही चाचणी नव्या घरांप्रमाणेच जुनी वखार, कचेरी किंवा एका कुटुंबाचे मोठे घर यांचे रूपांतर करून तयार केलेल्या घरांचीही करतात. इंग्लंड व वेल्समध्ये इमारतविषयक नियमांच्या ‘ई’ भागाची सुधारित तरतूद १ जुलै २००३ पासून अमलात आली. रूपांतरित घरांची चाचणी तेव्हापासून, तर नवीन घरे व सदनिका यांची १ जुलै २००४ पासून सुरू झाली. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे तेथील पद्धतीचे वर्णन केले आहे.

ध्वनीचे मार्ग : बोलणे, रेडिओ इत्यादींचा ध्वनी हवेतून येऊन भिंतीला कंपित करतो व ती पलीकडच्या हवेला कंपित करते, याला वायुवाहित ध्वनी म्हणतात. पावलांचा किंवा खुर्ची सरकविण्याचा आघात थेट बांधकामातच कंपने निर्माण करतो; हा आघातजन्य ध्वनी होय. भिंतीचे दर चौ. मी. वस्तुमान दुप्पट केल्यास वायुवाहित ध्वनीचे निरोधन स्थूलमानाने ६ डेसिबेलांनी वाढते. परंतु जड काँक्रीटची जमीनही आघातजन्य ध्वनी सहज वाहून नेते. त्यासाठी तिच्यावर लवचिक थर द्यावा लागतो. याखेरीज बाजूच्या भिंती, छत व नळ यांमधून ध्वनी वळसा घालून जातो. यामुळे प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली भिंत प्रत्यक्ष इमारतीत उणी पडू शकते.

लहानशा उणिवेचा परिणाम किती मोठा असतो, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल. १० चौ. मी. क्षेत्रफळाची भिंत ५० डेसिबेल निरोधन करीत असेल, तर तिच्यावर पडणाऱ्या ध्वनिऊर्जेचा केवळ एक लक्षांश भाग पलीकडे जातो. तिच्यात १० चौ. सेंमी.चे आरपार छिद्र राहिले व त्यातून सर्व ऊर्जा गेली, असे मानल्यास एकूण निरोधन सु. ४० डेसिबेलच उरते. विटांच्या न भरलेल्या दरजा किंवा विजेच्या खटक्यांच्या समोरासमोर बसविलेल्या पेट्या गिलाव्याखाली झाकल्या जातात. नकाशावरून त्यांचा पत्ता लागत नाही. चाचणीची गरज आहे ती यामुळेच.

मापन : एका खोलीत ध्वनिक्षेपकाने सर्व कंप्रतांचा मिश्र गोंगाट निर्माण करतात आणि १०० ते ३,१५० हर्ट्‌झपर्यंतच्या १६ पट्ट्यांत दोन्ही खोल्यांतील ध्वनिपातळी मोजतात. रिकाम्या खोलीत ध्वनी घुमत राहून पातळी वाढते. म्हणून तो ६० डेसिबेलांनी क्षीण होण्यास लागणारा काल मोजून, तो ०.५ सेकंद असता किती फरक आला असता, हे गणिताने काढतात. मिळालेल्या मूल्यांची प्रमाणभूत वक्राशी तुलना करून एकच अंक ठरवितात व त्यात कमी कंप्रतांच्या ध्वनीचा विचार करणारी दुरुस्ती मिळवितात. आघातजन्य ध्वनीसाठी वरच्या जमिनीवर आघातयंत्र ठेवतात. त्यातील प्रत्येकी ५०० ग्रॅ. वजनाचे पाच हातोडे ४० मिमी. उंचीवरून सेकंदाला एकूण १० आघात करतात आणि खालच्या खोलीतील पातळी मोजली जाते. गालिच्यासारखे मऊ आच्छादन या वेळी सामान्यतः नसावे, कारण रहिवासी ते पुढे काढून टाकू शकतो.

मर्यादा : नव्या घरांच्या भिंती व जमिनी यांचे वायुवाहित निरोधन किमान ४५ डेसिबेल असावे आणि खाली ऐकू येणारी आघातजन्य पातळी कमाल ६२ डेसिबेल असावी. रूपांतरित घरांसाठी हे आकडे अनुक्रमे ४३ व ६४ आहेत. पहिल्या बाबतीत मोठा अंक चांगला, तर दुसऱ्या बाबतीत लहान अंक चांगला, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. समान बांधणीच्या गटातील दर दहा घरांमागे निदान एक चाचणीसंच करतात. एखादी चाचणी अयशस्वी ठरल्यास त्या खोल्यांची दुरुस्ती करून पुन्हा मापन करावे लागते, तसेच गटातील इतर घरांतही तोच दोष आहे काय, हे पहावे लागते. नव्या घरांसाठी पूर्वपरीक्षित रचना नोंदवून तिचे काटेकोर पालन केल्यास ही चाचणी टाळता येते. रूपांतरित घरांना ही सवलत नाही. जुन्या कडीपाटाच्या जमिनी व भिंती प्रत्येक ठिकाणी निराळ्या असल्याने त्यांच्या बाबतीत पूर्वानुभवावर विसंबता येत नाही.

ऐतिहासिक इमारतींचे मूळ स्वरूप राखताना वरील मर्यादा गाठणे कधीकधी अशक्य असते. अशा वेळी शक्य तेवढी सुधारणा करून चाचणीचे निष्कर्ष इमारतीत ठळक जागी लावावेत, असे मार्गदर्शन आहे. चाचणीत उत्तीर्ण झालेले घर निःशब्द असते असे नव्हे. शांत वेळी शेजारचे मोठ्याने बोलणे किंवा वाद्यांचा खर्ज ऐकू येऊ शकतो. तथापि लोक राहावयास आल्यावर भिंत वा छत उकलून दोष काढणे खर्चाचे व त्रासाचे ठरते आणि तोपर्यंत बांधकामातील उणिवेचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारला जातो. घर रिकामे असतानाच केलेल्या मापनाचे महत्त्व यातच आहे.