माहिती चौकट : पडद्यावरची कोंबडी, अंगणातली कोंबडी

माइनक्राफ्ट हा व्हिडिओ खेळ (पूर्ण आवृत्ती : नोव्हेंबर 2011)
- अंडे दर 5 ते 10 मिनिटांनी. फेकलेल्या अंड्यातून पिल्लू निघण्याची शक्यता 8 पैकी 1.
- पिल्लू 20 मिनिटांत मोठे होते. बी खायला घातले की वाढ लवकर.
- शत्रू : कोल्हा आणि ऑसिलॉट हे रानमांजर. म्हणून कुंपण. उंचावरून पडली तरी कोंबडीला इजा नाही. पंख फडफडवत ती अलगद उतरते.

भीमाकाठ (गाणगापूर, अफझलपूर तालुका, जिल्हा कलबुर्गी)
- खुडूक कोंबडी अंड्यांवर 21 दिवस बसते. तोवर धीर धरायचा, दुसरा उपाय नाही.
- शत्रू : दिवसा घार आणि मुंगूस, रात्री मांजर. घार वरून येते, त्यामुळे नुसते कुंपण पुरत नाही. पिल्ले डालग्याखाली झाकतात. खुराड्याची जाळी बारीक हवी. मुंगसाला फट पुरते.
- खेळात नसलेला शत्रू : राणीखेत (मानमोडी). विषाणूजन्य. उपचार नाही, लस आहे. पहिली मात्रा साधारण पहिल्या आठवड्यात.
- कर्नाटकात विकसित परसातल्या जाती : गिरिराज, स्वर्णधारा. राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय बिदरला.